आत कोण शिरलंय?

अगं, तुझा राग मला कळतो. पोरीला दोन दिवस ताप, नाक वाहतंय, खोकला आहे, रात्रभर तुझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि डॉक्टरांनी दिलं काय, तर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पाजा हा सल्ला. त्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे अ‍ॅझिथ्रोमायसिनची अर्धी बाटली उरलीय, ती देऊन बघ. नको देऊस. डॉक्टरांनी हयगय केलेली नाही, विचार करून अँटिबायोटिक न देता थांबलेत ते. ते का थांबले हे तुला नीट समजावं असं मला मनापासून वाटतं. इतकी वर्षं मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काढली. तिथे शिकलेलं आपल्याच घरात पोचलं नाही, तर त्याचा काय उपयोग? आणि हे फक्त पोरीसाठी नाही, तुझ्यासाठीही आहे. तुझं थोडं नाजूक आहे, आई आपल्याशी ज्यावर कधी बोलली नाही असं. ते पुढे सांगते. तोवर चहा टाक आणि निवांत बस.

आत शिरलेला जिवाणू आहे की विषाणू, सगळं त्यावर ठरतं. आधी जिवाणू. म्हणजे बॅक्टेरिया. हा एकाच पेशीचा, पण पूर्ण जीव आहे. त्याला स्वतःची भिंत असते, भिंतीच्या आत पातळ पडदा असतो. आपल्या पेशींसारखं वेगळं केंद्रक त्याच्यात नसतं. त्याचा डीएनए बहुधा एका गोल कड्यासारखा पेशीतच मोकळा असतो. प्रथिनं बनवणारे त्याचे स्वतःचे रायबोसोम असतात. बाहेरून अन्न घ्यायचं, ते मोडून ऊर्जा मिळवायची, वाढायचं आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन व्हायचं, हे सगळं तो एकट्याने करतो. त्याला कुणाच्या शरीरात शिरायची गरजच आहे असं नाही. माती, समुद्र, गरम पाण्याचे झरे, तुझ्या सिंकमधला स्पंज, कुठेही तो राहतो.

वाढीचा वेग मात्र लक्षात ठेव. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय, मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली, तर साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून सुरुवात झाली तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे जवळजवळ २१ लाख. म्हणून उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेल्या भाजीबद्दल मी इतकी कटकट करते. भाताचं तर आणखीच. बॅसिलस सेरिअस नावाचा एक जिवाणू तांदळात कवचबंद बीजाणूंच्या रूपात असतो आणि नुसत्या उकळण्याने ते बीजाणू मरतीलच असं नाही. भात शिजवून बाहेर ठेवला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल तर खुशाल टाक, पण रात्रीच निववून फ्रीजमध्ये ठेवलेला असू दे.

जिवाणू एकट्याने वाढतो याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लस करायला वाल्डेमार हाफकिन आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत कामाला लागले. प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. हाफकिननी काय केलं, तर मांसाच्या पातळ रसाने भरलेल्या चंबूत वरून थोडं तूप तरंगत ठेवलं. त्या तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचे जिवाणू खाली लोंबत वाढत जायचे. मग चंबू हलवून ते पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे. असं भरपूर पीक काढून उष्णतेने मारलं की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून बस जाते तेव्हा मला अजूनही तो तुपाचा थर आठवतो. सांगायचा मुद्दा असा, की जिवाणूला रस दिला, ऊब दिली, तो वाढला. आम्ही लॅबमध्ये आजही तेच करतो. प्लेटवर अगारचं पोषक माध्यम ओततो, सॅम्पलची रेघ ओढतो, सदतीस अंशांवर रात्रभर ठेवतो आणि सकाळी प्लेटवर ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात लाखो जिवाणू.

हेच विषाणूच्या बाबतीत करून बघ. कितीही पौष्टिक रस दे, महिनाभर ठेव, एकाचे दोन होणार नाहीत. कारण विषाणूकडे पेशीच नाही. आत डीएनएचा किंवा आरएनएचा एक धागा, त्याच्याभोवती प्रथिनांचं वेष्टण आणि काहींना त्यावर चरबीचा एक पातळ पापुद्रा, बस्स. तो खात नाही, श्वास घेत नाही, ऊर्जा बनवत नाही. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते, विषाणू म्हणजे नुसती पाककृती लिहिलेला कागद. त्याच्याकडे ना चूल, ना भांडी, ना शिधा. तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतो, तिथलीच चूल पेटवतो, तिथलाच शिधा वापरतो आणि आपल्याच कागदाच्या हजारो प्रती काढून घेतो. हे स्वयंपाकघर म्हणजे आपली पेशी. शिरायलाही त्याला ठरावीक दारच लागतं. फ्लूचा विषाणू श्वासमार्गाच्या पेशींवरच्या एका शर्करेला चिकटतो, एचआयव्ही आपल्या प्रतिकारपेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला. ज्याच्याकडे त्या दाराची किल्ली नाही तो कितीही आला तरी बाहेरच राहतो.

म्हणून विषाणू वाढवायचा तर जिवंत पेशीच लागतात. फ्लूच्या बहुतेक लशींसाठी आजही कोंबडीच्या अंड्यातल्या जिवंत गर्भाचा आधार घेतात. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांच्या घशातून घेतलेला करोनाचा विषाणू वाढवला तोही माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींवर. त्यातूनच पुढे कोव्हॅक्सिन आली. ती बातमी आली तेव्हा आमच्या लॅबमध्ये कुणी फार बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे भरले होते.

आकारातही या दोघांत फार अंतर आहे. एक मिलिमीटरची रेघ काढ. त्या रेघेवर ई. कोलाय एकापुढे एक ठेवले तर पाचशेच्या आसपास बसतील. डेंग्यूचे विषाणू ठेवले तर वीस हजार. जिवाणू शाळेतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. विषाणू बघायला जगाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे १९३० च्या दशकाची वाट पाहावी लागली. त्याआधी तो आहे एवढंच कळलं होतं. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरी त्या गाळलेल्या रसाने निरोगी पानं रोगट झाली. सहा वर्षांनी हॉलंडच्या मार्टिनुस बायेरिंक यांनी तोच प्रयोग स्वतंत्रपणे केला आणि ठामपणे म्हटलं, की हे जिवाणू नव्हे, वेगळंच काहीतरी आहे.

हा फरक न कळल्याची किंमत केवढी मोठी असते, ते १९१८ च्या फ्लूने दाखवलं. मुंबईच्या बंदरातून ती साथ देशात पसरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की फ्लू एका जिवाणूमुळे होतो, कारण आजाऱ्यांच्या घशात तो वारंवार सापडायचा. त्याच्याविरुद्ध लशीही केल्या गेल्या. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये. पण यातली दुसरी बाजूही ऐक, कारण ती पोरीच्या बाबतीत कामाची आहे. त्या साथीत मेलेल्यांपैकी अनेकांचा जीव नुसत्या फ्लूने गेला नव्हता. फ्लूने फुप्फुसांचं अस्तर सोलवटलं आणि त्या जखमी जागेत जिवाणू शिरून न्यूमोनिया झाला.

आता अँटिबायोटिककडे येऊ. ही औषधं जिवाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, जिवाणूला भिंत बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला अपाय न करता काम करतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूचे रायबोसोम अडवतात. त्याचे रायबोसोम आपल्यापेक्षा घडणीने वेगळे आहेत, म्हणून हा नेम साधतो. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएची गुंडाळी सोडवणारी विकरं बंद पाडतं. आता तूच सांग, विषाणूला भिंत नाही, रायबोसोम नाहीत, ती विकरं नाहीत. मग वहिनींची बाटली पोरीच्या सर्दीत नक्की कशावर घाव घालणार? चूल फोडायला हातोडा आणलास, पण आलेल्याकडे चूलच नाही. विषाणूंवर औषधं नसतात असं मात्र नाही. नागिणीवर अ‍ॅसायक्लोव्हिर आहे, फ्लूवर पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर ओसेल्टामिव्हिर आहे, एचआयव्हीवर तर उत्तम औषधं आहेत. पण ती एकेका विषाणूच्या विशिष्ट खोडीवर बेतलेली असतात, सगळ्यांना मिळून एक असं काही नाही.

पोरीच्या नाकातून पिवळं-हिरवं यायला लागलं म्हणून तू घाबरलीस ना? तो रंग जिवाणूंचा नसतो गं. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला धावून येतात, त्यांच्यात हिरवट रंगाचं एक विकर असतं, त्याचा तो रंग. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं. उलट नाक वाहणं, खोकला, आवाज बसणं हे सगळं मिळून आलं तर कल विषाणूकडे जास्त. नाक कोरडं, खोकला नाही, पण घसा प्रचंड दुखतोय, टॉन्सिलवर पू, मानेच्या गाठी दुखऱ्या आणि चांगलाच ताप, असं शाळकरी वयाच्या मुलीत दिसलं तर डॉक्टरांचं लक्ष स्ट्रेप्टोकोकसकडे जातं. तो जिवाणू आहे आणि तिथे अँटिबायोटिक द्यायलाच हवं, कारण दुर्लक्ष केलं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्या देशात हे अजून घडतं. अँटिबायोटिक वाईट, असं म्हणणारीही मी नाही हे यावरून तुझ्या लक्षात येईल. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. त्याआधी कापलेल्या बोटाने आणि बाळंतपणातल्या तापाने किती बायका गेल्या असतील. तेवढी किंमत त्या औषधाला द्यायची असेल तर ते योग्य जागीच वापरायला हवं.

पावसाळ्यात तर अंदाजाने काहीच करू नकोस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण भरभरून आले. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आलेला हा जिवाणू पायाच्या भेगेतून शिरतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन वेळेत दिलं की माणूस वाचतो. त्याच दिवसांत डेंग्यूही असतो आणि तो आहे विषाणू. सुरुवातीचा ताप, अंगदुखी, डोकेदुखी दोन्हींत सारखीच. एकात अँटिबायोटिक न देणं जीवघेणं, दुसऱ्यात देऊन काही उपयोग नाही. आणि डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणजे डेंग्यू सुटला असंही समजू नकोस. ताप उतरतो त्या एक-दोन दिवसांतच पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, पोरगी मलूल पडणं हे दिसलं तर रात्र असो की सणवार, तिला उचल आणि दवाखाना गाठ. तसंच साध्या फ्लूनंतर ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, किंवा श्वास भराभर चालायला लागला तर तो १९१८ चाच प्रकार असू शकतो, मागून आलेला जिवाणू. अशा वेळी डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर शंका घेत बसू नकोस.

उरलेली बाटली देऊन बघायला काय हरकत, असं तू विचारलंस म्हणून आता थोडं कडक बोलते. लोक म्हणतात, औषधाची अंगाला सवय लागते. अंगाला नाही लागत. सरावतात ते जिवाणू. पोरीच्या आतड्यात, घशात, त्वचेवर अब्जावधी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपकारक. उगाच दिलेलं अँटिबायोटिक त्यातले साधे मारतं आणि ज्यांच्याकडे योगायोगाने बचावाचं जनुक आहे त्यांना मोकळं रान देतं. शिवाय जिवाणूंची एक विलक्षण रीत आहे. ते डीएनएची छोटी गोल कडी, प्लाझ्मिड म्हणतात त्यांना, एकमेकांना देऊ शकतात, तेही आपल्या जातीबाहेरच्यांना. म्हणजे आज एखाद्या गरीब जिवाणूला मिळालेलं कवच उद्या न्यूमोनियाच्या जिवाणूकडे पोचू शकतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना त्यांनीच सांगून ठेवलं की अपुरे डोस घेतले तर जिवाणू निर्ढावतील. ते आम्ही रोज बघतो. कल्चरच्या रिपोर्टवर प्रत्येक औषधासमोर एस किंवा आर असं अक्षर येतं. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. काही रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आरच असतात, आणि खाली पेशंटचं वय लिहिलेलं असतं. ते वय वाचून हात थांबतो गं. क्षयरोगात तर हे आणखी क्रूर होतं. तो जिवाणू इतका सावकाश वाढतो की दुप्पट व्हायला सुमारे वीस तास घेतो, म्हणून उपचार सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारा माणूस औषधाला न जुमानणारा क्षय घरात आणू शकतो.

जिवाणूंबद्दल सारखं वाईटच बोलतेय असं वाटायला नको. रात्री विरजण लावतेस तेव्हा तू जिवाणूच पेरतेस. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आम्लाने दुधातलं प्रथिन साकळतं आणि दही लागतं. मोठ्या डेअऱ्यांमध्ये कधीकधी दही लागतच नाही, कारण विरजणातल्या जिवाणूंनाच विषाणू गाठतात. हो, जिवाणूही आजारी पडतात. फाज नावाचे विषाणू त्यांच्यात शिरून त्यांना फोडतात. मग काही जिवाणू आलेल्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच विषाणू आला की ओळखून कापतात. २००७ मध्ये दह्यातल्याच एका स्ट्रेप्टोकोकसवर हे सिद्ध झालं. त्या कात्रीतून आज सिकलसेलवर उपचार निघालाय. आपल्या विदर्भातल्या किती आदिवासी घरांना सिकलसेलने पोळलंय ते आठवलं, की तो उपचार त्यांच्या आवाक्यात कधी येणार, हा विचार मला सोडत नाही.

आता तुझं. मागे तू फोनवर दबक्या आवाजात जळजळीबद्दल बोललीस आणि मेडिकलमधून तीन गोळ्या आणून घेतल्यास, ते माझ्या डोक्यात राहिलंय. लाजायचं यात काहीही नाही. आपली मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषांची वीसच्या आसपास. गुदद्वाराजवळचा ई. कोलाय एवढंसं अंतर सहज चढतो आणि अंगावरच्या बारीक केसांसारख्या धाग्यांनी मूत्राशयाच्या भिंतीला चिकटून बसतो. लघवीच्या धारेने वाहून जाऊ नये म्हणून त्याची ही सोय. म्हणून पाणी भरपूर प्यायचं, धुताना नेहमी पुढून मागे, संबंधांनंतर लघवीला जायचं, आणि तुंबवून ठेवायचं नाही. एसटीच्या प्रवासात, बाजारात, ऑफिसातही आपल्याला धड बाथरूम मिळत नाही, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. हा आजार निम्मा तरी तिथून येतो असं माझं मत आहे आणि त्याचा दोष बायकांचा नाही. पुन्हा जळजळ झाली तर गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर दे. आधी थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लगेच लॅबला पोचवायची. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो, आणि तुझ्या आतल्या जिवाणूवर नेमकं काय चालेल ते कळतं. तोवर डॉक्टर सांगतील ते घे. दिवस राहिलेल्या बाईने तर त्रास नसला तरी ही तपासणी करून घ्यावी, कारण लक्षणांशिवायही संसर्ग असू शकतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो.

आणि ते सुगंधी इंटिमेट वॉश फेकून दे. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, दह्यातल्यांचेच नातलग. ते लॅक्टिक आम्ल करून तिथलं वातावरण आंबट ठेवतात, त्यामुळे बाहेरच्यांना तिथे रुजता येत नाही. ही तुझी स्वतःची राखण आहे. आतून धुतलंस की ती वाहून जाते. बाहेरून साधं पाणी पुरतं. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकनेही हे रक्षक मरतात आणि मग कँडिडा वाढते. ती ना जिवाणू ना विषाणू, बुरशी आहे. खूप खाज आणि फुटलेल्या दह्यासारखा पांढरा स्राव ही तिची खूण. माशासारखा वास आणि पातळ राखाडी स्राव असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी, म्हणून मैत्रिणीची ट्यूब उसनी घ्यायची नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि जे होतंय ते त्याच शब्दांत सांग.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे सिद्ध करणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउजन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू लैंगिक संबंधांतून येतो आणि इतका सर्रास आढळतो की तो आला म्हणून कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून टाकतं. काहींमध्ये मात्र तो राहतो, त्याचा डीएनए पेशीच्या डीएनएत मिसळतो, त्याची दोन प्रथिनं पेशीचे वाढीवरचे लगाम मोडतात आणि दहा-पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. इतकी वर्षं तो काही बोलत नाही. दुखत नाही, खुपत नाही. पण तेवढीच वर्षं आपल्या हातातही असतात. त्याचे १६ आणि १८ हे प्रकार मिळून असे सुमारे सत्तर टक्के कर्करोग घडवतात आणि त्या दोन्हींविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आपल्याकडे बनलेली लसही आता मिळते. लशीत विषाणू नसतो, त्याच्या वेष्टणाचं नुसतं रिकामं प्रथिन असतं, त्यामुळे लशीने तो आजार होण्याचा प्रश्नच येत नाही. विषाणूशी गाठ पडण्याआधी ती घेतली तर सर्वांत उत्तम काम करते, म्हणून ९ ते १४ हे वय. या वयात दोन डोस पुरतात, पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केली तर तीन लागतात. सासूबाई विचारतील एवढ्या लहान पोरीला ही कसली लस, तर त्यांना सांग, कर्करोगाची. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुझी लेक दहा वर्षांची आहे आणि तू पस्तिशीची. तिचा ताप जाऊन ती धडधाकट झाली की दिवाळीच्या सुट्टीआधीच डॉक्टरांची वेळ घे. तिला पहिला डोस, आणि तुझी गर्भाशयाच्या मुखाची पॅप किंवा एचपीव्हीची तपासणी, दोन्ही एकाच फेरीत उरकून घ्या. फारसं दुखत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. वेळ ठरली की मला कळव, मी रजा टाकून बरोबर येते.